ॲप म्हणालं बंद, दिवा चालूच

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीनशॉपमध्ये मी एकवीस वर्षं मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन आहे. काँटॅक्टर, ओव्हरलोड रिले, स्टार-डेल्टा हे सगळं अंधारातही हाताला कळतं. त्यामुळे येळ्ळूरच्या घरी लिथियमची बॅटरी स्वतः बांधायची ठरवली तेव्हा धाकधूक अशी नव्हतीच. होती ती थोडी घमेंड.

आधी घरात 150 एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती मावतं त्याचं माप) चार ट्यूब्युलर, म्हणजे पाणी घालायच्या लेड-ॲसिडच्या, बॅटऱ्या होत्या. पाणी घालायचं काम माझं. एका उन्हाळ्यात विसरलो, प्लेटी उघड्या पडल्या आणि दोन बॅटऱ्या कायमच्या बसल्या. राजहंसगडाच्या बाजूनं जून-जुलैचा पाऊस आडवा यायला लागला की करंट जातो तो कधी परत येईल सांगता येत नाही. घरात आई आहे, तिला रात्री पंखा लागतो. बायकोची घरगंटी आहे, गल्लीतल्या पंधरा-वीस घरांचं दळण तिच्याकडे येतं. 48 व्होल्टचा 5 केव्हीएचा इन्व्हर्टर चांगला होता, नुसती बॅटरी बदलायची होती.

लिथियम म्हटल्यावर आई लगेच म्हणाली, "ते पेटतंय म्हणे." 2022 साली इलेक्ट्रिक स्कूटरींना लागलेल्या आगी तिनं टीव्हीवर बघितल्या होत्या. मी तिला सांगितलं की लिथियममध्येही जाती आहेत. लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, ही त्यातली सोशीक जात. बिघडली तर तीही पेट घेणारा वायू सोडते, पण भडकायला निकल-कोबाल्टवाल्यांपेक्षा जास्त तापावं लागतं. या फॉस्फेटच्या मटेरियलवरचा मूळ शोधनिबंध 1997 चा. त्यात गुडइनफ यांच्यासोबत पाधी आणि नंजुंडस्वामी अशी दोन आपल्याकडची नावं आहेत. गुडइनफना 2019 चं नोबेल मिळालं. नंजुंडस्वामी हे नाव ऐकून आमच्या शॉपमधल्या फोरमन अण्णांनी "हौदु?" (कन्नडमध्ये "हो का?") म्हणून असे डोळे मोठे केले, जणू भावकीतलंच कुणी निघालं.

तर 100 एएचचे सोळा सेल मागवले. एक सेल 3.2 व्होल्टचा. सोळा सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक, धरले की 51.2 व्होल्ट आणि पाच युनिटांहून थोडी जास्त वीज. सेल पूर्ण भरला की 3.65, रिकामा म्हणजे 2.5. या दोन आकड्यांच्या बाहेर एकही सेल जाता कामा नये, आणि हे बघायचं काम बीएमएसचं, म्हणजे बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिमचं. दिसायला ती हातभर लांबही नसलेली एक पट्टी. एका बाजूला जाड वायरी, दुसऱ्या बाजूला सतरा बारीक वायरींचा कनेक्टर.

ट्यूब्युलरला असलं काही नव्हतं, मग यालाच का, हे मला आधी नीट उमगलं नव्हतं. लेड-ॲसिडला जास्त चार्ज केलं तर पाणी उडतं, बॅटरी ढेकर देते आणि चालू राहते. भरलेले सेल थांबतात, मागे राहिलेले त्या वेळात भरून घेतात. लिथियमच्या सेलला ढेकर देणं माहीत नाही. सिरीजमधला एक सेल आधी भरला तर चार्जरला त्याचा पत्ता नसतो, त्याला फक्त एकूण व्होल्टेज दिसतं. पंधरा सेल मागे असतील तर सोळावा 3.65 ओलांडून वर जाईल आणि बेरीज तरीही कमीच दिसेल. म्हणून प्रत्येक सेलवर वेगळी नजर लागते.

सेल आले तेव्हा सगळे 3.29, 3.30 दाखवत होते. मी खूश. पण एलएफपीची गंमत अशी की ती वीस टक्के भरलेली असो की ऐंशी, व्होल्टेज जवळपास तेवढंच. खरा फरक टोकाला कळतो. आधी सिरीजमध्ये जोडून चार्ज केलं, तर अकरा नंबरचा सेल सगळ्यांच्या आधी 3.65 ला पोचला आणि बीएमएसनं चार्जिंग तोडलं. त्या वेळी पाच नंबरचा 3.36 वरच बसून होता. बीएमएसमध्ये बॅलन्सिंग असतं, पण ते म्हणजे भरलेल्या सेलची वीज बारीक रेझिस्टरमधून उष्णता करून घालवणं. माझ्या पट्टीत 100 मिलिअँपिअर. दोन सेलांत पाच एएचचा फरक असेल तर पन्नास तास, आणि तेही सेल टोकाला असतील तेवढ्याच वेळात मोजायचे. म्हणून सगळे सोळा सेल सुटे करून पॅरललमध्ये बांधले, बेंच सप्लाय आधी मोकळ्यावर बरोबर 3.65 ला लावून घेतला आणि मग जोडला. दीड दिवस लागला. कंटाळवाणं काम आहे, पण चुकवू नये.

बसबारच्या, म्हणजे सेल एकमेकांना जोडणाऱ्या पट्ट्यांच्या, नटांना टूलरूममधला छोटा टॉर्क रेंच आणला होता. अंगठी काढून ठेवली. दहाच्या पान्याला तोंड सोडून सगळीकडे टेप गुंडाळली. हे शॉपमध्ये कधी करावं लागलं नव्हतं. तिथे मेन बंद केला की सगळं मेलेलं असतं. बॅटरीला मेन नाही.

आता त्या सतरा वायरी. पहिली सगळ्यात खालच्या निगेटिव्हला, पुढची पहिल्या सेलच्या पॉझिटिव्हला, अशी एकेक पायरी वर चढत सोळाव्यापर्यंत. क्रम चुकला आणि तसाच कनेक्टर खोचला तर आतली चिप जाते. मी जोडल्या, खात्री होती, खोचणारच होतो. बायको दळणाच्या हिशेबाची वही घेऊन बाजूला बसली होती, तिला म्हटलं लिहून घे. मल्टिमीटरची काळी पिन निगेटिव्हला धरून लालनं एकेक पिन मोजत गेलो. 3.3, 6.6, 9.9. तिचं लिहिणं चालू. 16.5, 19.8, 26.4, 23.1.

"अहो, मागं गेलं की हे," ती म्हणाली. "सव्वीसनंतर तेवीस कसं?"

मी तोपर्यंत पुढच्या पिनवर गेलो होतो. आकडे वाचत होतो, ऐकत नव्हतो. सात आणि आठ नंबरच्या सेलच्या वायरी उलट्या बसल्या होत्या. खोचलं असतं तर त्या दोन सेलांमधलं मोजणारं सर्किट तिथल्या तिथे गेलं असतं. वहीचं ते पान अजून आहे, एका बाजूला सुताराकडचे अडीच किलो गहू आणि दुसऱ्या बाजूला माझी चूक.

जाड वायरींचं काम मात्र मला माझं वाटत होतं. बॅटरीच्या पॉझिटिव्हवर शॉपमधून आणलेला 63 अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जास्त करंटाला आपोआप पडणारा स्विच, लावला, दोन पोल पॅरलल केले. फोटो अण्णांना पाठवला. दुसऱ्या दिवशी चहाला गाठ पडली.

"हे कसलं लावलास बे? ह्याच्यावर डीसीचा आकडा कुठं हाय, दाखव की."

नव्हताच. 230/400 एसी, 10 हजार अँपिअर, एवढंच छापलेलं.

"वेल्डिंगचा आर्क किती व्होल्टला उभा राहतोय?"

"पंचवीस-तीस."

"मग तुझी बॅटरी किती?"

मी गप्प बसलो. एसीचा करंट सेकंदात शंभर वेळा शून्यातून जातो, ठिणगीला विझायला शंभरदा संधी मिळते. डीसीत शून्य येतच नाही. एमसीबीचे काँटॅक्ट उघडले तरी मधला आर्क तसाच पेटून राहू शकतो, आणि 51 व्होल्ट म्हणजे वेल्डिंगच्या दुप्पट. शिवाय डीसीचे पुष्कळसे एमसीबी एकाच दिशेचा करंट तोडायला बनवलेले असतात, त्यांच्यावर प्लस-मायनस छापलेलं असतं. बॅटरीत करंट दोन्हीकडे धावतो, दिवसा आत आणि रात्री बाहेर. तसा एमसीबी उलट्या दिशेला आर्क विझवत नाही, धरून ठेवतो. बिनदिशेचा मागावा लागतो.

आणि शॉर्ट झाला तर? सेलचा आतला रेझिस्टन्स अर्ध्या मिलिओहमच्या आतबाहेर. सोळा सेलांचे आठ मिलिओहम. 51 ला त्यानं भागा, सहा हजार अँपिअरच्या घरात जातं. म्हणून क्लास टी फ्यूज. हा डीसीतही 20 हजार अँपिअर तोडू शकतो. गावातल्या दुकानात मागितला तर दुकानदारानं एसीचा एचआरसी पुढे सरकवला, "तेच की हो." तेच नव्हे. कुरिअरनं मागवला, 125 अँपिअरचा, आणि पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतरावर बसवला. फ्यूजच्या आधीची वायर बिनसंरक्षणाची असते, ती जितकी आखूड तितकी बरी.

पहिल्यांदा इन्व्हर्टर जोडताना वायरीच्या टोकाचा लग टर्मिनलला टेकवला आणि "फट्" असा निळा आवाज झाला. (निळा आवाज म्हणजे काय ते ज्यानं ऐकलाय त्याला कळेल.) लगाच्या कडेला मुगाच्या दाण्याएवढा खड्डा पडला. इन्व्हर्टरच्या पोटातले मोठे कपॅसिटर रिकामे असतात, ते एका क्षणात भरून घेतात, आणि तो सगळा झटका बीएमएसमधून जातो. मी हसून सोडून दिलं.

बॅटरी चालू झाली. घरगंटीही बॅटरीवर घेतली. एक एचपीची मोटर चालताना हजार वॉट घेते, पण उठताना पाच-सहा पट. बॅटरीकडून शंभर अँपिअरच्या वर जातात. बीएमएस शंभरचा. गहू भरलेल्या जात्यावर बटण दाबलं की सगळं घर अंधारात. बीएमएसच्या मोबाइल ॲपमध्ये "ओव्हरकरंट". मी रीसेट करायचो. बायको परत बटण दाबायची. असं चार-पाच वेळा झालं असेल, मग मी सेटिंगमध्ये जाऊन ट्रिपचा वेळ वाढवला आणि प्रश्न मिटला असं समजलो.

दहा-बारा दिवसांनी अण्णांनी विचारलं, "ट्रिप करून बघितलास काय?" शॉपमध्ये आम्ही दर सहा महिन्यांनी प्रत्येक मशीनचं इमर्जन्सी बटण दाबून बघतो. घरी मी काहीच दाबलं नव्हतं. म्हणून एका रविवारी बसलो. ओव्हरव्होल्टेजची मर्यादा ॲपमध्ये तात्पुरती 3.40 ला आणली. चार्जिंग थांबलं. ठीक. तापमानाचा सेन्सर प्लास्टिकच्या पिशवीत घालून गरम पाण्याच्या तांब्यात सोडला. चार्जिंग परत थांबलं. थंडीच्या कटऑफचं काय करायचं कळेना. शून्याखाली चार्ज केलं तर सेलच्या आत धातूच्या रूपातलं लिथियम साचतं, म्हणून तो असतो. आमच्याकडची थंडी म्हणजे स्वेटर घालून कुंदा खाण्याइतकीच. ते सोडलं.

मग मेन बंद करून घर बॅटरीवर घेतलं आणि ॲपमध्ये डिस्चार्ज बंद केलं. ॲपनं निमूटपणे लिहिलं, "डिस्चार्ज बंद".

स्वयंपाकघरातला दिवा चालूच.

मी परत दाबलं. चालू, बंद. चालू, बंद. ॲपमधलं हिरवं-लाल बदलतंय, दिवा हलत नाही. आतून आईचा आवाज, "पंखा बंद करू नको रे." पंखाही फिरत होता. शॉपमधला क्लॅम्प मीटर वायरीवर टाकला तर कसलातरी भलताच आकडा. मग आठवलं, तो एसीचा आहे. डीसीला हॉल सेन्सरवाला लागतो. शेजारच्या सोलरवाल्या पोराकडून तो आणला. त्यानं स्वच्छ सांगितलं, 6.2 अँपिअर बॅटरीतून बाहेर.

इन्व्हर्टर आधी बंद केला, मग फ्यूज काढला, मग पट्टी उघडली. आत मॉसफेटच्या, म्हणजे करंट चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचांच्या, दोन रांगा असतात, पाठीला पाठ लावून. एक रांग चार्ज तोडते, दुसरी डिस्चार्ज. एकाच रांगेनं काम भागत नाही, कारण मॉसफेटच्या आत एक डायोड अंगचाच असतो आणि तो एका दिशेनं करंट जाऊच देतो. मीटर डायोडवर लावून चार्जच्या रांगेवर धरला, बरोबर. डिस्चार्जच्या रांगेवर धरला, पीं. रांगेतला एक जरी आतून चिकटला तरी सगळी रांग शॉर्ट. घरगंटी उठताना शंभरावर अँपिअर भर करंटात तोडायचे, लांब वायरींचा झटका अंगावर घ्यायचा, हे त्यानं चार-पाच वेळा केलं आणि एकदा चिकटला. तो कधी चिकटला कोण जाणे. तेव्हापासून घरात खालच्या बाजूचा पहारेकरी नव्हता. एखादा सेल 2.5 च्या फार खाली गेला असता तर आतलं तांबं विरघळतं, आणि पुढच्या चार्जिंगला आतल्या आत शॉर्ट व्हायची भीती. ॲप मात्र म्हणत होतं, सगळं नीट.

ॲप काय दाखवतं? मॉसफेटला बंद हो असा हुकूम दिला, एवढंच. त्यानं ऐकलं की नाही हे ते बघत नाही. आमच्या शॉपमधल्या चांगल्या काँटॅक्टरला (कॉइलनं ओढला जाणारा मोठा स्विच) वेगळी खुणेची पट्टी असते, मेन काँटॅक्ट खरंच उघडला तरच ती सरकते. या स्वस्त पट्टीत ते नव्हतं. विकणाऱ्याला फोन केला. "ॲपमध्ये ओके दिसतंय ना सर?" हो. "मग बीएमएस ओके आहे." त्यावर काय बोलणार. आणि खरं सांगायचं तर माल त्याचा हलका होता, पण मारला मी होता.

दुसरी बांधणी शॉपच्या पद्धतीनं केली. बीएमएस दोनशेचा घेतला, काम ऐंशी-नव्वदचंच. वायर 35 चौरस मिलिमीटर, फ्यूज तोच. आणि मधे एक डीसी काँटॅक्टर. त्याच्या कॉइलची वायर सिरीजमध्ये तीन ठिकाणांहून फिरवली: सेलांच्या मधे खोचलेले तापले की उघडणारे दोन बायमेटलचे थर्मोस्टॅट, बीएमएसचा अलार्मचा काँटॅक्ट आणि बाहेर भिंतीवर लाल मशरूम बटण. यातलं एकही उघडलं की काँटॅक्टर पडतो, ॲपला विचारत नाही. कॉइल रात्रंदिवस थोडी वीज खाते. खाऊ दे.

कपॅसिटर भरायला एक बायपास वायर आणि त्यात माळ्यावर सापडलेला 100 वॅटचा जुना पिवळा बल्ब. आधी बल्बमधून जोडायचं. तार क्षणभर लालसर होते आणि विझते. विझली की कपॅसिटर भरले, मग काँटॅक्टर घ्यायचा. आता "फट्" होत नाही.

इन्व्हर्टरचं सेटिंग तर मी आधी ट्यूब्युलरचंच ठेवलं होतं, हे लिहायला लाज वाटते. त्यात इक्वलायझेशन नावाचा प्रकार असतो, अधूनमधून व्होल्टेज मुद्दाम चढवायचं. आमच्या पॅकची टोकाची मर्यादा 58.4, आणि हा दर वेळी बीएमएसला धडक देत असणार. आता चार्ज 56.0, फ्लोट 54.0, खाली 48.0 ला इन्व्हर्टर स्वतःच थांबतो. बीएमएसला महिनोन्महिने काही करावं लागू नये असं ठेवलं आहे.

बॅटरीची जागाही बदलली. आधी ती दळणाच्या खोलीत होती, आणि पहिली पट्टी काढली तेव्हा बसबारवर पिठाचा पांढरा थर होता. आता मागच्या पडवीत, भिंतीपासून सोडून, वरून पत्रा. आई झोपते तिथून लांब.

घरगंटीला व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह, लावून सावकाश उठवायचा मोह झाला होता. पण कपॅसिटरवाल्या सिंगल फेज मोटरला ते मानवत नाही. बायकोनं निकाल दिला: "करंट आला की दळू. लोक काय रात्री बारा वाजता भाकरी करत नाहीत." चेंजओव्हर तसा केला आहे, बॅटरीवर घर असलं की घरगंटीचा पॉइंट मेलेला.

महिन्याच्या पहिल्या रविवारी मी लाल बटण दाबतो, आणि ॲपमधला डिस्चार्जही एकदा बंद करून बघतो. बायको स्वयंपाकघरातून "गेला!" म्हणून ओरडते. ती ओरडली नाही तर काय करायचं ते पडवीच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं आहे, मी घरी नसेन तर उपयोगी पडावं म्हणून.

जळलेली पट्टी कपाटात आहे. अण्णा म्हणतात शॉपमध्ये आण, नव्या पोरांना मीटर लावून दाखवतो. अजून नेलेली नाही. नेली तर बायको वहीचं पानही बरोबर द्यायला सांगेल.